तिसऱ्या पिंडानंतर

आमच्या नाशकात नदीला गोदावरी कुणी म्हणत नाही. गंगाच म्हणतात. "गंगेवर जाऊन येतो" असं मी म्हटलं, की मी कामाला निघालो एवढं घरात कळतं. गेली तीसेक वर्षं मी रोज सकाळी गंगेवर जातो आणि बसतो. बसणं हेच माझं काम. बाहेरगावचे लोक येतात, कुणी अस्थी घेऊन, कुणी नुसतं तीर्थश्राद्ध करायला. त्यांना समोर बसवायचं, आपण मांडी घालून बसायचं आणि विधी सांगायचा. पुढे वाकून दर्भ मांडायचे, पाणी द्यायचं, पिंड कुठे ठेवायचा ते दाखवायचं. एक यजमान उठला की दुसरा. पितृपक्षात तर जेवायला उठायचीही सोय नसते. लोकांना वाटतं भटजीचं काम तोंडाचं. तोंडाचं कसलं डोंबलाचं, कंबरेचं काम आहे ते.

आणि माझी कंबर पार कामातून गेली होती.

चार वर्षं झाली असतील. सुरुवातीला नुसतं आखडायचं. मग डाव्या कुल्ल्यातून एक कळ निघायला लागली, ती मांडीच्या मागून पोटरीत आणि पोटरीतून थेट करंगळीपर्यंत. शिंक यायला लागली की मी आधी भिंत शोधायचो. भिंत धरल्याशिवाय शिंकायचं नाही, हा माझा नियमच झाला होता. सकाळी पायजमा घालणं हे मोठं काम होऊन बसलं. बायको म्हणायची, "बसून घाला." बसून घातला तर उठणार कोण?

नाशकात मला भेटलेल्या प्रत्येक माणसाकडे कंबरदुखीवर एक उपाय होता. कुणी तेल सांगितलं, कुणी पट्टा, कुणी एरंडाची पानं. एकलहऱ्याच्या बाजूला एक जण मणका बसवून देतो असं कळलं म्हणून तिथेही गेलो. त्याने मला पालथं पाडून पाठीवर असा गुडघा रोवला, की मणका बसला की नाही ठाऊक नाही, पण मी मात्र चार दिवस उठलो नाही. गोळ्या खाल्ल्या, शेक घेतले, व्यायामशाळेसारख्या दिसणाऱ्या एका दवाखान्यात जाऊन पाय वर-खाली केले. थोडं बरं वाटायचं आणि गंगेवर दोन तास बसलं की पहिले पाढे पंचावन्न.

दुखणं सोसून सोसून माणूस चिडका होतो, तसा मीही झालो होतो. एकदा राजस्थानकडचं एक मोठं कुटुंब आलं होतं. त्यांना आमचं काही कळत नव्हतं, म्हणून मी सुरुवातीलाच सांगितलं, "जैसा मैं करता हूँ, वैसा करो." आम्ही सगळ्यांना हेच सांगतो. आचमन झालं, संकल्प झाला. मी दर्भ उचलायला वाकलो आणि कमरेत जी चमक निघाली म्हणता, मी दोन्ही हातांनी कंबर धरली आणि "आई गं!" म्हणून ओरडलो. समोरच्या म्हाताऱ्या यजमानाने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि मोठ्या भक्तीने म्हणाला, "आई गं." त्याच्यामागे त्याचे तिन्ही मुलगे, सुना, सगळे. "आई गं!" अख्खा घाट बघायला लागला. शेजारच्या जागेवर माझा चुलतभाऊ बसतो, तो हसून हसून आडवा पडायचा बाकी राहिला. मला हसू आलं नाही. मी त्या म्हाताऱ्यावर खेकसलो, "वो नहीं करना है! वो मेरा है!" बिचारा घाबरला. हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना.

चुलतभाऊ आणि मी एकाच माणसाकडे शिकलो, माझ्या बाबांकडे. त्याचे वडील लवकर गेले, म्हणून बाबांनी आम्हा दोघांना बरोबरच गंगेवर बसवलं. बाबा समजावून वगैरे सांगत नसत. "मी करतो तसं करा, मध्ये विचारू नका," एवढंच. मग आम्ही त्यांचं बघत राहायचो. पळी कशी धरतात, तीळ कसे सोडतात, स्वर कुठे खाली आणतात. प्रत्येक घराच्या काही लकबी असतात. आमच्याकडे पाण्याचं भांडं इतरांपेक्षा लांब ठेवतात. तिसरा पिंड ठेवला की लगेच पाणी सोडत नाहीत. डावा हात मागे नेऊन, डोळे मिटून, तोंड जरा वर करून क्षणभर थांबतात, आणि मग पाणी. इतर उपाध्याय असे थांबत नाहीत. ते आम्हाला चिडवायचे, यांचे पितर उशिरा येतात म्हणून. पण बाबांचं ते थांबणं बघितलं की मोठमोठे यजमान गप्प व्हायचे. बाबा त्या वेळी इथे नसायचेच, असं आम्हाला वाटायचं. दुखण्याच्या त्या चार वर्षांत मी त्या थांब्याची वाटच बघायचो. तेवढीच कमरेला विश्रांती. मनात म्हणायचो, बाबांच्या पद्धतीत एवढी एक तरी सोय आहे.

एरवी बाबांची आठवण आली की मला स्वतःची लाज वाटायची. या माणसाने सगळं आयुष्य याच दगडावर काढलं आणि कधी "हुश्श" म्हटलं नाही. सोफ्यावर कधी बसले नाहीत. संध्याकाळचा चहासुद्धा खिडकीचा गज धरून उभ्याने घ्यायचे. आम्ही म्हणायचो, काय माणूस आहे, दिवसभर बसूनही याला बसावंसं वाटत नाही! एकदा घाटावर एका उपाध्यायाने गुडघे दुखतात म्हणून प्लास्टिकचं स्टूल आणलं, तेव्हा बाबा मला हळूच म्हणाले होते, "उपाध्यायच वर बसला तर यजमानाने कुठे बसायचं?" ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. गुडघे दुखणाऱ्या शेकडो यजमानांना मी खुर्ची दिली असेल. "बसा हो, भाव महत्त्वाचा" असं वर सांगितलंही असेल. स्वतः मात्र कधी खुर्चीवर बसलो नाही.

बाबा मागच्या चैत्रात गेले. वय झालं होतं, फार हाल झाले नाहीत. हाल माझे झाले. दहाव्याला गंगेवर बसलो आणि पहिल्या पिंडालाच कंबर धरली. पुढे वाकता येईना, मागे सरता येईना. शेवटी चुलतभावाने मला काखेत हात घालून उठवलं आणि पुण्याहून आलेल्या माझ्या धाकट्या भावाने पिंड ठेवले. तो कंपनीत नोकरी करतो, त्याला यातलं काही येत नाही. चुलतभाऊ सांगत होता आणि तो चाचपडत करत होता. मी बाजूला खांबाला टेकून उभा. जन्मभर दुसऱ्यांच्या बापांना पिंड दिले आणि स्वतःच्या बापाच्या वेळी मी खांबाला टेकून उभा! भाऊ नंतर म्हणाला, "दादा, असू दे रे, कुणी का ठेवेना." त्याचं चुकलं नव्हतं. पण मला ते लागलं ते लागलंच.

तेव्हाच ठरवलं, वर्षश्राद्धाला काय वाटेल ते झालं तरी जमिनीवर बसेन आणि बाबांचा पिंड माझ्या हाताने ठेवेन. बाकी मला काही नको होतं.

पण वर्ष सरत आलं आणि कंबर होती तिथेच. फाल्गुनात एके सकाळी मी पायजम्यात एक पाय घालून कॉटचा दांडा धरून उभा होतो आणि दुसरा पाय काही उचलेना. बायको कणीक मळत होती, ती तशाच हातांनी आली.

"या वेळी खुर्चीवर बसून करा," ती म्हणाली.

"खुर्चीवर नाही करणार."

"लोकांना सांगता ना, भाव महत्त्वाचा? मग तुमचा भाव कुठे गेला? आखडला का तोही?"

तिने कणकेच्या हातानेच मला पायजमा चढवला आणि म्हणाली, "उद्या त्या दुखण्याच्या डॉक्टरणीकडे जायचं. मी नंबर लावलाय. नाही म्हणालात तर श्राद्धाचा स्वयंपाकही मी खुर्चीवर बसून करीन."

नुसत्या दुखण्याचा वेगळा डॉक्टर असतो हेच मला माहीत नव्हतं. मुंबई नाक्याच्या पुढे दवाखाना होता. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. तिने कमरेचे फोटो बघितले, पाय उचलून बघितला, मग विचारलं, "गुरुजी, दिवसातला किती वेळ बसता?"

"दिवसभर."

"कशावर?"

"जमिनीवर. मांडी घालून."

तिने लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मग मणक्याचा एक प्लास्टिकचा सांगाडा हातात घेऊन मला समजावलं. दोन मणक्यांमधली गादी सरकलीय, ती नस दाबतेय, नसेला सूज आलीय. मणक्यात इंजेक्शन देऊन सूज उतरवायचं औषध थेट त्या नसेपाशी पोचवता येतं. मशीनवर बघत बघत सुई नेतात. गुण बहुतेकांना येतो, पण सगळ्यांना नाही. आणि आला तरी जन्मभराचा नाही, काही महिन्यांचा. तेवढ्या काळात व्यायामाने कंबर सुधारून घ्यायची.

मणक्यात सुई म्हटल्यावर मी आधी गंगेवर चौकशी केली. गंगेवर सगळ्यांचं एकमत होतं, की मणक्यात सुई गेली की माणूस लुळा पडतो. एकाने तर असा लुळा पडलेला माणूस मालेगावला स्वतः पाहिला होता. खोदून विचारल्यावर तो माणूस मोटरसायकलवरून पडला होता असं निघालं. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, आता तरी तू काय मोठा चालतोयस?" त्याचंही खरं होतं.

इंजेक्शनच्या दिवशी मला हिरवा झगा घालून टेबलावर पालथं झोपवलं. पोटाखाली उशी दिली. पाठीवर जानवं आडवं येत होतं, तेव्हा नर्स म्हणाली, "काका, हे काढता का?" काढणं शक्य नव्हतं. मी ते माळेसारखं गळ्यात घेतलं. ऋषींना पाणी देताना आम्ही तसं घेतो. मनात म्हटलं, चला, ऋषींनीच काय ते बघून घ्यावं. पाठीवर गार गार काहीतरी लावलं. टोचलं, मग बधिर झालं. मग आत खोल कुणीतरी अंगठा दाबावा तसं वाटलं आणि डाव्या पायातून कळ सर्रकन करंगळीपर्यंत गेली.

"गुरुजी, पायात काही जाणवलं? तुमची नेहमीची कळ हीच का?"

"हीच," मी म्हटलं. "चार वर्षांची ओळख आहे, कशी विसरेन?"

मागे कुणीतरी हसलं. थोड्या वेळाने झालं म्हणाले.

दोनेक तास पडून राहिलो. मग उभं केलं. उभा राहिलो, चाललो, वाकलो, आणि दुखत नव्हतं. अजिबात नव्हतं! पुन्हा वाकून बघितलं. डॉक्टर सांगत होती, "आत्ता बरं वाटतंय ते बधिरतेच्या औषधामुळे. ते संध्याकाळी उतरेल, मग परत दुखेल. कदाचित जास्तही दुखेल. खऱ्या औषधाला काही दिवस लागतात. दोन दिवस घरी आराम करा, जमिनीवर बसू नका." मी मान डोलवत होतो. ऐकलं मात्र एवढंच, की आत्ता बरं वाटतंय.

रिक्षात बसलो. कुंभमेळ्याच्या तयारीसाठी सगळीकडे रस्ते खणून ठेवलेले, रिक्षा खड्ड्यातून खड्ड्यात उडत होती, आणि मला काही होत नव्हतं. मी मोठमोठ्याने हसायला लागलो. रिक्षावाल्याला म्हटलं, "गंगेवर घे."

बायको म्हणाली, "वेड लागलंय का तुम्हाला? काय सांगितलं डॉक्टरणीने?"

"नुसतं बघून येतो."

नुसतं बघतोय कसला! घाटावर गेलो, गंगेला साष्टांग नमस्कार घातला. चार वर्षांनी घातला. चुलतभाऊ समोरच्या यजमानाला तसंच सोडून बघत राहिला. मग मी माझ्या जागेवर, बाबांच्या जागेवर, मांडी घातली. दगड उन्हाने तापला होता, तोही बरा वाटला. तेवढ्यात सुरगाण्याकडचं एक कुटुंब जीपने आलं, आईच्या अस्थी घेऊन. त्यांना म्हटलं, या, बसा. त्यांचं सगळं यथासांग केलं. वाकलो, उठलो, पाण्याची बादली स्वतः भरून आणली. बायको पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती.

संध्याकाळी घरी चहा घेत होतो आणि ते औषध उतरलं.

काय सांगू? कप हातातून सुटला. आजवर जे दुखलं ते काहीच नव्हतं. मी जमिनीवर पडलो तो तिथेच पडून राहिलो, कॉटवर चढवायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. डॉक्टरला बायकोनेच फोन लावला. डॉक्टर म्हणाली, औषध वाया गेलेलं नाही, पडून राहू दे त्यांना, वाट बघा.

मग वाट बघितली. पंख्याकडे बघत पडून राहिलो. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, परत पंखा. कुणाशी बोलावंसं वाटेना, देवाचं नाव घ्यावंसं वाटेना. आई दारात येऊन बघून जायची. तीही थकलेली, ऐंशीच्या घरातली, माझ्या पावलावरून हात फिरवायची आणि जायची. पुण्याहून भावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, या वेळी मीच करतो. तू शांतपणे खुर्चीवर बस."

"मग मला कशाला ठेवलंय? मलाही गंगेत सोडून या!" असं मी ओरडलो आणि फोन ठेवला. मग उगाच ओरडलो म्हणून वाईट वाटलं. पण परत फोन करायचाही कंटाळा आला. चार वर्षांचा शीण त्या दिवसांत एकदम अंगावर आला होता. मला बरं व्हायचंय की नुसतं संपायला हवंय, ते माझं मलाच कळत नव्हतं.

एके सकाळी दात घासताना मला शिंक आली. मोठी, दणदणीत. शिंकलो, तोंड धुतलं, टॉवेल घेतला, आणि मग लक्षात आलं की आपण भिंत धरली नव्हती. तसाच बेसिनपाशी उभा राहिलो. पुढे वाकून बघितलं. कमरेत जरा ताण होता, पण कळ कुठे नव्हती. हळूच बायकोला हाक मारली.

"आता काय झालं?" ती घाबरून आली.

"शिंकलो," मी म्हटलं.

तिला कळलं. तिने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "गंगेवर गेलात तर तंगडं मोडीन."

आनंद झाला म्हणावं तर आनंद करायलाही अंगात त्राण लागतं, ते उरलं नव्हतं. दुखणं गेलं आणि मागे नुसता थकवा राहिला. दुपारी गाढ झोपायचो. डॉक्टरने सांगितलं तसे व्यायाम करायचो, आणि तिने मुभा दिल्यावर घरातच सतरंजीवर थोडं थोडं बसायला लागलो. मनात धाकधूक होतीच. आहे ते जाईल, नक्की जाईल, फक्त श्राद्धापर्यंत राहू दे, एवढं एकच मी मागत होतो.

चैत्रातली ती तिथी आली. हॉलमधला सोफा उचलून बाहेर पॅसेजमध्ये ठेवला आणि फरशी पुसून पाट मांडले. पुण्याहून भाऊ आदल्या दिवशीच आला होता. मी फोनबद्दल काही बोललो नाही, तोही नाही. त्याने माझ्या पाटाखाली दुहेरी सतरंजी घातली होती, ती मी राहू दिली. कोपऱ्यात एक खुर्चीही त्याने आणून ठेवली होती, तिच्याकडे मी बघितलं नाही. विधी सांगायला चुलतभाऊ बसला. आज यजमान मी, म्हणून तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "यजमान, लक्ष इकडे." भाऊ माझ्या शेजारी. त्याला म्हटलं, "मी करतो तसं कर. मध्ये विचारू नकोस."

सगळं नीट होत होतं. मी पाटावर बसलो होतो आणि दुखत नव्हतं. पितरांच्या कामाला डावा गुडघा जमिनीला टेकवावा लागतो, तोही टेकला. जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, दर्भ मांडले, तीळ टाकले. पहिला पिंड बाबांचा. दोन्ही हातांत घेतला, वाकलो आणि ठेवला. माझ्या हाताने ठेवला. दुसरा आजोबांचा. तिसरा पणजोबांचा. मग डावा हात मागे कमरेवर गेला, डोळे मिटले, तोंड वर केलं. चुलतभाऊही आपोआप म्हणायचा थांबला.

"काय रे दादा?" भाऊ हळूच म्हणाला. "दुखायला लागलं का?"

मी डोळे उघडले. "नाही. काही दुखत नाहीये."

"मग कंबर का धरलीस?"

"इथे थांबतात. मध्ये बोलू नकोस म्हटलं ना."

"काका थांबायचे इथे," चुलतभाऊ म्हणाला. "तिसऱ्या पिंडानंतर थांबायचं आणि मग पाणी सोडायचं. आपल्या घरची पद्धत आहे ती."

आई स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "पद्धत कसली आलीय रे? कंबर धरायची त्यांची तिथे."

मी वळून आईकडे बघितलं.

"तिसऱ्यांदा वाकले की उसण भरायची. ती सुटेपर्यंत थांबायचे. माझं लग्न झालं तेव्हापासून बघितलंय मी. रोज घरी आले की बसवायचं नाही त्यांना. गज धरून उभे राहायचे ते त्यासाठीच. अंधार पडला की मी वीट तापवून द्यायची शेकायला, तुम्ही झोपलात की."

"मग बोलले का नाहीत कधी?" मी विचारलं.

"कुणाला बोलणार? बसायचं काम, आणि बसवत नाही म्हणून कसं चालेल? घरात पाच तोंडं. मलाही बोलू द्यायचे नाहीत. पुढे पुढे तुम्ही दोघंही तसंच करायला लागलात, तेव्हा मी म्हटलं, अहो, पोरांना सांगा तरी. तर हसले. म्हणाले, करू दे. त्यांनाही पुढे लागेल ती विश्रांती."

आई आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

चुलतभाऊ मान खाली घालून बसला होता. मी समोर बघत होतो. तीन पिंड, त्यातला पहिला बाबांचा. तीस वर्षं मी लोकांना ते दुखणं शिकवत होतो, डोळे मिटून, तोंड वर करून, आणि आज मात्र मला काहीच दुखत नव्हतं. मला मिळाली तशी एक सुई त्यांनाही मिळाली असती. कुणी विचारलं असतं तर. मीच विचारलं असतं तर. पण आम्हाला सांगितलं होतं, मध्ये विचारू नका. श्राद्धात डोळ्यांतून पाणी काढू नये असं मीच लोकांना सांगतो, आणि मला रडू आवरेना.

थोड्या वेळाने चुलतभावाने विचारलं, "दादा, पुढचं म्हणू का?"

"थांब जरा," मी म्हटलं.

मी डावा हात पुन्हा मागे नेला आणि कमरेवर ठेवला. शेजारी बघितलं तर भावानेही हात मागे नेला होता, आणि चुलतभावानेही. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. बाबांची उसण सुटायला जेवढा वेळ लागत असेल, तेवढा वेळ थांबलो. मग मी पाणी सोडलं.